कच्च्या फिल्मचा परवाना आणि पडद्यावरची भाषा : युद्धकाळातील मराठी बोलपटाविषयी काही विचार

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात १९४२ ते १९४६ ही वर्षे बहुधा एका परिच्छेदात उरकली जातात. शांताराम 'प्रभात'मधून बाहेर पडले, मास्टर विनायकांनी कोल्हापूर सोडून मुंबई गाठली, युद्धाचा पैसा या धंद्यात शिरला आणि मराठी बोलपट ओसरला, असा तो परिच्छेद असतो. त्यातील एकही विधान खोटे नाही. परंतु त्यामागची विचारपद्धती नैतिक आहे, ऐतिहासिक नाही. निर्मात्यांचा लोभ आणि प्रेक्षकांची घसरलेली अभिरुची ही दोन पात्रे उभी केली की कारणमीमांसा संपली, असे त्यात गृहीत धरलेले असते. वाङ्मयेतिहासात ही पद्धत आपण केव्हाच संशयास्पद ठरवली; चित्रपटाच्या बाबतीत मात्र ती अजून निर्धास्तपणे वावरते.

हा प्रश्न मला सुचला तो वाशीम येथे पदव्युत्तर वर्गाला शिकवताना. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या १९४६ सालच्या चित्रपटाविषयी बोलत असता एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, कोटणीस सोलापूरचे, शांताराम कोल्हापूरचे, संगीत वसंत देसाईंचे. मग हा चित्रपट मराठीत का नाही?' हिंदीची बाजारपेठ मोठी होती, हे तयार उत्तर मी दिले. ते देताना त्यातील उणीवही जाणवली. हिंदीची बाजारपेठ १९३७ मध्येही मोठीच होती. तरीही 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' बरोबरीने निघाले. १९३९ मध्ये 'माणूस' आणि 'आदमी', १९४१ मध्ये 'शेजारी' आणि 'पडोसी' निघाले. 'अयोध्येचा राजा'पासून, म्हणजे १९३२ पासून, दोन भाषांत चित्रपट काढणे ही 'प्रभात'ची रीतच होती. मग पाच-सहा वर्षांत असे काय बदलले?

द्विभाषिक निर्मितीचे अर्थशास्त्र थोडे तपशिलात पाहिले पाहिजे. सेट एकदाच उभारला जाई, वेशभूषा एकदाच शिवली जाई, पगारी नोकरवर्ग तोच असे. प्रत्येक दृश्य मात्र दोनदा चित्रित होई, कधी तेच नट घेऊन, कधी बदलून. 'शेजारी'त जे काम केशवराव दात्यांनी केले तेच 'पडोसी'त मजहर खानने केले. गजानन जागीरदार दोन्हीकडे मिर्झा झाले. दुसऱ्या भाषेतील आवृत्तीला खरा वाढीव खर्च लागे तो कच्च्या फिल्मचा. शांततेच्या काळात हा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा होता. मराठी आवृत्ती त्यामुळे जवळजवळ वरकड उत्पन्नासारखी निघे. तिने मुलुख जिंकावा अशी अपेक्षाच नव्हती.

युद्धाने नेमकी हीच वस्तू दुर्मीळ केली. कच्ची फिल्म भारतात तयार होत नव्हती. ती परदेशातून येई. जर्मनीचा माल बंद झाला, समुद्रमार्ग धोक्याचे झाले, उरलेल्या मालावर लष्कराचा आणि सरकारी प्रचारपटांचा पहिला हक्क. १९४२ च्या मे महिन्यात चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर आणली गेली. मिनिटाला नव्वद फूट या हिशोबाने हा दोन तासांचा खेळ झाला. पुढे १९४३ मध्ये कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली. त्याच वर्षी सरकारमान्य लघुपट दाखवण्याची सक्ती चित्रगृहांवर आली.

याच काळात पैसा मात्र मुबलक होता. कंत्राटांचा आणि काळ्या बाजाराचा पैसा गुंतवणुकीची वाट शोधत होता, शहरांत चित्रगृहे ओसंडत होती. युद्धापूर्वी पैसा थोडा आणि कच्ची फिल्म हवी तितकी; युद्धात पैसा हवा तितका आणि फिल्म थोडी. या उलटापालटीत मराठी आवृत्तीचा बळी जाणे जवळजवळ अटळ होते. हाती मोजके फूट असतील तर निर्माता ते पेशावरपासून मद्रासपर्यंत चालणाऱ्या भाषेवर खर्च करणार. त्यासाठी त्याने मराठीद्वेष्टा किंवा लोभी असण्याची गरज नाही. 'प्रभात'च्या शाळेत वाढलेला माणूसही हेच करील. आणि त्याने तेच केले. 'राजकमल'चा पहिला चित्रपट 'शकुंतला' १९४३ मध्ये आला तो केवळ हिंदीत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून जो विषय मराठी प्रेक्षकाच्या कानात बसलेला, तोच मराठीतून वगळला गेला. अभिरुचीची घसरण म्हणून याची संगती कशी लावणार?

या विधानाला अपवाद आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. 'प्रभात'ने १९४४ मध्ये 'रामशास्त्री' दोन्ही भाषांत काढला. विनायकांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'ने 'चिमुकला संसार', 'माझे बाळ', 'गजाभाऊ' हे मराठी बोलपट युद्धकाळातच दिले. परंतु 'गजाभाऊ'त लता मंगेशकरांचे पहिले हिंदी गाणे आहे, ही गोष्ट आपण फक्त लताबाईंच्या चरित्रातील कुतूहल म्हणून सांगतो. मराठी चित्रपटातच हिंदी गाणे घालावेसे वाटणे, हे त्या वर्षांतील भाषिक दडपणाचे लक्षण मानता येईल. १९४५ मध्ये विनायकांनी 'बडी माँ' काढला तो हिंदीत. त्या सुमारास मराठी बोलपटांची वार्षिक संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

आता कोटणिसांच्या चित्रपटाकडे वळू. परवाना मिळवणाऱ्या निर्मात्यांनी युद्धप्रयत्नाला पूरक चित्रपट काढावेत, असा सरकारचा आग्रह होता आणि हा चित्रपट त्या वर्गात बसवला गेला. चीन दोस्त राष्ट्र, शत्रू जपानी, नायक जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारा डॉक्टर; आक्षेपाला जागा नव्हती. परंतु द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले ते काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. त्यांतील चोळकर नागपूरचे. वैदर्भीय वाचकांनाही ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, कारण ते परत आले. परत न आलेल्याचीच कथा होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये कोटणिसांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावही न परतलेल्या त्या एका माणसावरूनच आहे, आणि चित्रपटाची संहिता त्यावर आधारलेली आहे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या काँग्रेसचे पुढारी तुरुंगात टाकले, तिनेच पाठवलेल्या माणसाची गौरवगाथा सरकारी परवान्याच्या फिल्मवर चित्रित झाली. लोकप्रिय कलेतील दुहेरी आशयाचे याहून चांगले उदाहरण मला आपल्याकडे आढळत नाही. सेन्सॉरला चकवण्याचे तंत्र जुनेच होते. 'प्रभात'च्या 'स्वराज्याचे तोरण' या मूकपटाचे नाव १९३० मध्ये 'उदयकाल' करावे लागले, पण शिवाजीच्या वेषातील आशय प्रेक्षकाने ओळखायचा तो ओळखलाच. तेथे आशय ऐतिहासिक पोशाखात लपला. येथे तो दोस्त राष्ट्राच्या गणवेशात लपला.

लपवण्याचीही किंमत असते. प्रत्यक्षातले कोटणीस आठव्या मार्ग सेनेबरोबर काम करीत होते, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख होते आणि मृत्यूच्या काही महिने आधी चिनी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले होते. चित्रपटात हा राजकीय भाग विरघळून जातो आणि उरतो तो त्याग. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा अंत झाला तो अपस्माराच्या झटक्यांनी. पडद्यावरचा नायक साथीवरील औषधासाठी स्वतःवरच प्रयोग करून घेतो. त्याची पत्नी अखेरीस मूल घेऊन भारतातल्या घरी येते. प्रत्यक्षातल्या क्वो छिंग्लान पुढे भारतात अनेकदा येऊन गेल्या, पण त्यांचे आयुष्य गेले चीनमध्येच. राजकारण काढून घेतले की त्या जागी कुटुंब येते, हा आपल्या लोकप्रिय चित्रपटाचा स्थायी नियम येथेही पाळला गेला आहे.

आणि भाषा? सोलापूरच्या घरातली माणसे हिंदी बोलतात, चीनच्या डोंगराळ मुलुखातले शेतकरीही हिंदीच बोलतात. एकदा ही सोय स्वीकारली की दोन प्रदेशांतील अंतर पुसले जाते आणि बंधुभाव सहज सिद्ध होतो. मराठीपण उरते ते शीर्षकातल्या आडनावापुरते. चित्रपटाच्या दृष्टीने ही हानी नसेलही. आंतरराष्ट्रीयतेचा पुरस्कार करणाऱ्या अब्बासांना ती हानी वाटण्याचे कारण नव्हते. मला मात्र वाटते की 'कुंकू' आणि 'माणूस' यांनी मध्यमवर्गीय मराठी बोलीला जो वैचारिक भार पेलायला शिकवले होते, तो धागा येथे तुटला.

शिवाय चित्रपट पडद्यावर आला तोवर त्याचा प्रसंगच बदलला होता. महायुद्ध संपले होते. आझाद हिंद सेनेवरील खटल्यांनी देश ढवळून निघाला होता, १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईला नौसैनिकांचे बंड झाले होते. जपान हा कालपर्यंत नेताजींचा साथीदार. त्या जपान्यांना खलनायक ठरवणारा, पण काँग्रेसच्या डॉक्टरला हुतात्मा करणारा हा चित्रपट प्रेक्षकाने कोणत्या भावनेने पाहिला असेल? १९६२ च्या युद्धानंतर त्यातील भारत-चीन बंधुत्वाचा अर्थ पुन्हा एकदा पालटला. संहिता तीच राहते आणि वाचन बदलते, हे आपण साहित्याबाबत नेहमी म्हणतो.

खुद्द चीनमधील उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १९३७ मध्ये जपानने शांघाय घेतल्यानंतर तेथील परकीय वसाहतींच्या आश्रयाने जो चित्रपटव्यवसाय तगला, त्याने शिवचरित्रपटांचीच युक्ती वापरली. हुआ मुलान या दंतकथेतील वीरांगनेवर १९३९ मध्ये निघालेला चित्रपट शांघायमध्ये अफाट चालला, कारण परचक्राविरुद्ध लढणारी ती स्त्री कोणाविरुद्ध लढते आहे हे प्रत्येकाला कळत होते. त्याच चित्रपटाच्या फिती १९४० च्या जानेवारीत युद्धकाळातील राजधानी चुंगकिंगमध्ये देशद्रोहाच्या संशयावरून जाळल्या गेल्या. दुहेरी आशयाचा हा धोका आपल्या चित्रपटाला सोसावा लागला नाही.

भाषेच्या बाबतीत तर तेथे आपल्या उलट घडले. राष्ट्रवादी सरकारला मँडरीन ही एकच भाषा पडद्यावर हवी होती आणि कँटनी बोलपटांवर बंदी घालण्याचा त्याचा निर्धार १९३७ च्या उन्हाळ्यापर्यंत पक्का होत आला होता. जुलैमध्ये युद्ध पेटले आणि बंदी राहून गेली. ब्रिटिशांच्या हाती असलेल्या हाँगकाँगमध्ये कँटनी चित्रपट १९४१ च्या डिसेंबरात जपानी फौजा येईपर्यंत भरभराटीने चालू राहिला. म्हणजे युद्धाने एका प्रादेशिक भाषेला चार वर्षांचे जीवदान दिले आणि दुसरीची पाच वर्षे हिरावली. युद्ध लोकप्रिय कलेला घडवते असे म्हणून भागत नाही. फिल्म कोणाच्या हाती होती आणि ती मिळवण्याची अट काय होती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते.

मराठीच्या दुबळेपणाला आणखी एक कारण होते आणि ते आमच्या भागातून अधिक स्पष्ट दिसते. आजचा वाशीम जिल्हा १९९८ मध्ये झाला. युद्धकाळात हा अकोला जिल्ह्याचा, म्हणजे वऱ्हाडाचा भाग, आणि पलीकडे हिंगोलीला निजामाचे राज्य. चित्रपटवितरणाच्या नकाशात विदर्भ मुंबई विभागात नव्हता, तो 'सी. पी.-बेरार' विभागात होता. त्या विभागात जबलपूर, रायपूरही येत. येथील वितरकाला अर्ध्या मुलुखात न चालणारी मराठी प्रिंट घेण्यापेक्षा सर्वत्र चालणारी हिंदी प्रिंट परवडे. मराठी प्रेक्षक संख्येने लहान नव्हता; तो तीन राज्यव्यवस्थांत वाटला गेला होता. भाषावार प्रांतरचनेची मागणी साहित्यसंमेलनांतून होत होती, तेव्हा तिचा हा आर्थिक पैलू चित्रपटवाल्यांना रोजच्या व्यवहारात भेटत होता.

निर्बंध उठल्यावर काय झाले? १९४७ मध्ये त्याच 'राजकमल'ने 'लोकशाहीर रामजोशी' काढला, पुन्हा दोन भाषांत. हिंदीत तो 'मतवाला शायर रामजोशी' झाला. दिग्दर्शनात बाबूराव पेंटर, लेखनात ग. दि. माडगूळकर, संगीत पुन्हा वसंत देसाई. त्याच वर्षी दिनकर द. पाटलांचा 'जय मल्हार' आला. तमाशापटाचे आणि ग्रामीण चित्रपटाचे युग येथून सुरू झाले, आणि आपले इतिहासकार त्याला मराठी चित्रपटाचे मातीकडे परतणे म्हणतात. परतणे हा शब्द मला मान्य नाही. 'ब्रह्मचारी', 'कुंकू', 'माणूस' ही परंपरा संपून हे युग आले असे नाही. ती परंपरा पाच वर्षे परवान्याअभावी खंडित झाली. त्या काळात शहरी मराठी प्रेक्षकाला आपले सामाजिक प्रश्न हिंदीत पाहण्याची सवय लागली. मराठी निर्मात्यापाशी मग तोच विषय उरला जो हिंदीला देता येत नव्हता. हे अनुमान आहे, पण अभिरुचीच्या घसरणीपेक्षा ते तपासता येण्याजोगे आहे.

पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९४८ नंतरच्या जाळपोळीत, कोल्हापुरातील भालजी पेंढारकरांचा 'जयप्रभा' स्टुडिओ पेटवला गेला. त्या काळची नायट्रेट फिल्म कागदाहून वेगाने जळते. भालजींनी तो पुन्हा उभारला आणि १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' दिला. परंतु त्या आगीमागील जातिसंघर्षाविषयी चित्रपटसमीक्षेने पाळलेले मौन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा आणखी मोठा साठा गेला. युद्धकाळातील ज्या मराठी बोलपटांविषयी मी वर लिहिले, त्यांपैकी काहींचा विचार आता केवळ जाहिराती, पुस्तिका आणि आठवणी यांवरूनच करावा लागतो. त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले, की तिचा प्रश्न मराठी विभागाचा असला तरी त्याच्या उत्तराचा बराचसा भाग कच्च्या फिल्मच्या परवान्यांत सापडेल.