ओळ संपल्याची खूण

विंडोजच्या लॅपटॉपवर लिहिलेली, तिथे नीट चाललेली एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिनक्सच्या सर्व्हरवर चढवली की कधी कधी एक चमत्कारिक तक्रार येते : अशी फाइल किंवा डिरेक्टरी सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर असते. नाव बरोबर, परवानग्या बरोबर, पायथनही त्या यंत्रावर आहे. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींना ही तक्रार नवी नाही. घरच्या लॅपटॉपवर विंडोज आणि कामाच्या सर्व्हरवर लिनक्स हा आता सगळीकडचाच रिवाज आहे.

होतं ते असं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या प्रोग्रामने चालवायची हे लिहिलेलं असतं. विंडोजमधल्या एडिटरने त्या ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवलेल्या असतात. लिनक्सला एकच खूण ठाऊक असते. जास्तीची खूण तो प्रोग्रामच्या नावाचंच शेवटचं अक्षर समजतो आणि त्या नावाचा प्रोग्राम शोधायला निघतो. तसा प्रोग्राम कुठेच नसतो. खूण पडद्यावर दिसत नाही, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

या दोन खुणांना आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकात १३ आणि १० असे क्रमांक आहेत. १३ म्हणजे कॅरेज रिटर्न, १० म्हणजे लाइन फीड. त्यांचं कूळ मात्र संगणकाच्या आधीचं आहे, आणि ते उलगडल्याशिवाय आजचा घोटाळा नीट कळत नाही.

मूळ पुरुष म्हणजे टाइपरायटर. नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचं शहर होतं. सचिवालय, १९२३ मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, १९३६ मध्ये आलेलं उच्च न्यायालय यांची सगळी कामं टंकलिखित कागदावर चालत. त्यामुळे टायपिंग येणं म्हणजे पोटापाण्याची सोय, ही समजूत या शहरात पक्की होती. १९५५ मध्ये गोदरेजने देशी टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढे मराठी कळफलकाची यंत्रंही टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सर्रास दिसू लागली. तिथे शिकलेल्या प्रत्येकाच्या डाव्या हाताला एक हालचाल ठाऊक आहे : ओळ संपत आली की घंटी वाजते, डाव्या बाजूचा दांडा ढकलायचा. त्या एका ढकलण्यात दोन कामं होतात. रोलर एक घर फिरतो आणि कागद वर सरकतो. कॅरेज उजवीकडे जाते आणि पुढचं अक्षर समासापाशी उमटायला तयार होतं.

कामं दोन, आणि ती वेगळी करण्याचीही गरज पडे. शीर्षक अधोरेखित करायचं तर रोलर न फिरवता नुसती कॅरेज मागे न्यायची आणि त्याच ओळीखाली रेघ मारायची. अक्षर ठळक हवं असेल तर त्याच जागी पुन्हा टाइप करायचं. रकाने भरताना कॅरेज जागेवर ठेवून नुसता कागद सरकवायचा. हाताने चालणाऱ्या यंत्रात हे सगळं माणसाच्या बोटांत होतं. तारेच्या पलीकडे, शेकडो मैलांवर माणसाविना यंत्र चालवायचं ठरलं, तेव्हा या दोन हालचालींना दोन स्वतंत्र आज्ञा द्याव्या लागल्या.

ते काम केलं न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे यांनी. फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात पाच खुणांची तारलिपी बांधली होती. मरे यांनी १९०१ च्या सुमारास ती टाइपरायटरसारख्या कळफलकाला जुळवून घेतली आणि तीत कॅरेज मागे नेण्याची व कागद सरकवण्याची अशा दोन आज्ञा घातल्या. १३ आणि १० यांचे हे थेट पूर्वज. त्यांतून टेलिप्रिंटर उभा राहिला. भारतात मद्रासला १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सने ही यंत्रं बनवली. तारघरांत आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत त्यांची खडखड अनेक दशकं चालू राहिली. ‘हितवाद’सारख्या नागपुरी दैनिकांच्या वृत्तकक्षात दिल्ली-मुंबईची बातमी कागदावर ओळीमागून ओळ उतरे, ती याच दोन आज्ञांच्या जोरावर.

पुढच्या पिढीत एक यंत्र निर्णायक ठरलं : १९६३ मध्ये आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३. आस्की हे प्रमाणही त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापत असे, म्हणजे एका अक्षराला सेकंदाचा दहावा भाग. पण छपाईचा भाग उजव्या टोकापासून डाव्या समासापर्यंत परत यायला साधारण दोन अक्षरांइतका वेळ घेई. त्यामुळे आधी १३ पाठवायचा, मग १०. पहिल्या खुणेने परतीचा प्रवास सुरू होई, दुसरी खूण येईपर्यंत आणि कागद सरकेपर्यंत तो पुरा होई. क्रम उलटा केला किंवा एकच खूण पाठवली, तर पुढचं अक्षर वाटेतच कुठेतरी फासलं जाई. विंडोजच्या फायलींत आजही आधी १३ आणि मग १० येतात. लोखंडाचा एक तुकडा कागदाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचायला लागणारा वेळ त्या क्रमात साठून राहिला आहे.

इथून कुळाच्या शाखा फुटल्या. मल्टिक्स या प्रणालीच्या रचनाकारांनी साठवण आणि छपाई या गोष्टी वेगळ्या मानल्या. फायलीत ओळ संपल्याची एकच खूण, १०, पुरे. कागदावर उतरवताना यंत्राला हवी ती दुसरी खूण प्रणाली घालेल. १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्सने हाच विचार उचलला आणि तो लिनक्सकडे आला. लिनक्सच्या टर्मिनलला आजही १० दिसला की आधी १३ जोडण्याची सवय आहे. दुसरीकडे डीईसी कंपनीच्या अनेक प्रणालींनी दोन्ही खुणा फायलीतच ठेवल्या. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमने १९७४ मध्ये ती रीत घेतली, १९८१ मध्ये एमएस-डॉसने सीपी/एमकडून घेतली आणि विंडोजला ती वारशाने मिळाली. ॲपलच्या मॅकिंटॉशने नुसता १३ पसंत केला आणि २००१ मध्ये मॅक ओएस टेन येईपर्यंत तो चालवला. प्रत्येकाकडे कारण होतं आणि आपापल्या घरात प्रत्येकाचं बरोबर होतं. अडचण उभी राहिली ती ही घरं तारेने जोडली गेली तेव्हा.

नागपूरकरांना या अडचणीचा एक जुना अनुभव आहे. इतवारी स्थानकावर छिंदवाड्याकडून येणारी नॅरोगेजची गाडी ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर धावे आणि मुंबई-हावडा मार्ग १६७६ मिलिमीटरचा. सातपुड्यातून आलेला माल पुढे न्यायचा तर डबा बदलावाच लागे, आणि तो कुठे बदलायचा हे ठरलेलं असे. इंटरनेटचं पूर्वज जाळं असलेलं अर्पानेट उभारणाऱ्यांनी नेमकी अशी जागा ठरवली. घरात कोणी काहीही वापरा, तारेवर एकच रीत. टेलनेटच्या नियमावलीत, १९८३ च्या आरएफसी ८५४ मध्ये, एका काल्पनिक टर्मिनलची कल्पना आहे : प्रत्येक यंत्राने आपलं बोलणं त्या टर्मिनलच्या रीतीत बदलून पाठवायचं आणि आलेलं आपल्या रीतीत उतरवून घ्यायचं. त्या टर्मिनलवर ओळ १३ आणि १० अशी जोडीनेच संपते. १९८२ च्या ईमेलच्या नियमावलीतही हाच नियम आहे आणि वेबच्या एचटीटीपीच्या शीर्ष-ओळींतही. लिनक्सच्या फायलीत नुसता १० असला, तरी लिनक्सवरचा वेब सर्व्हर उत्तर पाठवताना शीर्ष-ओळींच्या शेवटी दोन्ही खुणा लावतो.

हा करार पाळला नाही की काय होतं, त्याचे ठरलेले प्रकार आहेत. क्लायंटने नुसता १० पाठवला आणि सर्व्हर १३-१० ची वाट पाहत बसला, तर दोघेही गप्प. एक उत्तराची वाट पाहतो, दुसरा ओळ संपण्याची. उलट विंडोजच्या क्लायंटने आज्ञेचा शब्द दोन्ही खुणांसह पाठवला आणि सर्व्हरने शेवटचा १० तेवढा कापला, तर उरलेल्या १३ मुळे तो शब्द यादीतल्या शब्दाशी जुळत नाही आणि ‘अज्ञात आज्ञा’ असं उत्तर येतं. तिसरा प्रकार अधिक फसवा. टीसीपी संदेशांच्या सीमा राखत नाही, बाइटचा सलग ओघ तेवढा पोचवतो. एखाद्या वेळी १३ एका हप्त्यात येतो आणि १० पुढच्या, आणि शंभरदा नीट चाललेला प्रोग्राम त्या एका वेळी अडखळतो. डिसेंबर २०२३ मध्ये तर असं उघड झालं, की ओळीची खूण दोन मेल सर्व्हर वेगवेगळी वाचत असतील, तर एका पत्राच्या पोटात दुसरं बनावट पत्र लपवून पाठवता येतं. छोट्या विसंगतीतून सुरक्षेला एवढं मोठं भोक पडू शकतं.

शहाण्या रचनाकारांनी या कुळाचा धसका घेऊन आधीच बंदोबस्त केलेला दिसतो. पीएनजी चित्राच्या प्रत्येक फायलीचे पहिले आठ बाइट ठरलेले आहेत : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधली १३-१० ची जोडी आणि शेवटचा सुटा १० मुद्दाम ठेवले आहेत. चित्राला मजकूर समजून कोणी वाटेत खुणा बदलल्या, तर या दोहोंपैकी एक नक्की बिघडते आणि फाइल उघडतानाच नासाडी कळते. पायथनने २००३ मध्ये मजकुराच्या फायलींसाठी तिन्ही रीती ओळखून एकच खूण देण्याची सोय केली. विंडोजच्या नोटपॅडला नुसत्या १० ने संपणाऱ्या ओळी नीट दाखवायला मात्र २०१८ उजाडलं.

या इतिहासातून डिबग करण्याची पद्धत आपोआप हाती येते. पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण पडदा या खुणा पाळतो, दाखवत नाही. बाइट पाहायचे : फायलीचे ओडी किंवा हेक्सडम्पने, तारेवरचे वायरशार्कने. पायथनमध्ये आलेली ओळ रेपर फंक्शनमधून छापली, तर लपलेली खूण लगेच उघडी पडते. सॉकेटमधून आलेले बाइट ओळ पुरी होईपर्यंत साठवायचे, मगच वाचायचे. स्क्रिप्टपुरता दोष असेल तर डॉस-टू-युनिक्स हे साधन तो क्षणात काढतं. गिटच्या साठ्यात ॲट्रिब्यूट्सची फाइल ठेवून कोणत्या फायलीला कोणती खूण हे एकदाच सांगून टाकता येतं.

पण साधनांपेक्षा दुरुस्तीची जागा महत्त्वाची आहे. इथे अर्धा १३ कापला, तिथे एक १० चिकटवला, अशी ठिगळं कोडभर लावणाऱ्याचा प्रोग्राम तिसरी प्रणाली जोडली की पुन्हा मोडतो. बदल सीमेवर करावा, पाठवताना एकदा आणि घेताना एकदा, आणि आतला सगळा कोड एकाच रीतीवर चालू द्यावा. नव्या शिकाऊ प्रोग्रामरला मी हेच आग्रहाने सांगेन : दोन यंत्रांना बोलतं करण्याआधी, कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी, त्यांच्यातली ओळ कोणत्या बाइटने संपेल आणि अक्षरं कोणत्या सांकेतिक पद्धतीत जातील हे कागदावर लिहा आणि दोन्ही बाजूंनी मान्य करून घ्या. अर्पानेटच्या लोकांनी हेच केलं, म्हणून एकमेकांशी न जुळणारी त्यांची यंत्रं बोलू शकली.