हजेरीपट ते जातीचा दाखला : नोंदींचा उलटा प्रवास

भंडारदरा परिसरातील महादेव कोळी समाजाची पहिली तपशीलवार नोंद १८३६च्या सुमारास झाली. ती करणारे कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हे लष्करी अधिकारी होते. बंडे मोडण्यासाठी कुळे, गावे व चालीरीतींची माहिती सरकारला हवी होती. अकोले तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

जन्माने गुन्हेगार

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संशयाला नोंदवहीचे रूप दिले. १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. अधिसूचित जमातीच्या माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात. अनेकांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर विनापरवाना आढळल्यास पोलीसच नव्हे, तर गावचा पाटील किंवा जागल्याही वॉरंटाविना अटक करू शकत असे. परवाना म्हणजेच ओळख, असे हे समीकरण होते.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' ठरल्या. मात्र १९५९च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यामुळे पाळत ठेवण्याची तरतूद व्यक्तीपुरती कायम राहिली. व्यवहारात संशयाची नजर पारधी तांड्यांवरून हटली नाही.

आता पुराव्याची अट

ज्या कागदाने बंधन घातले, तोच आज हक्काचा आधार ठरतो. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांना शाळा नव्हती आणि सातबाराही नव्हता, त्यांनी तो आणायचा कोठून?

न्यायालयाचा हस्तक्षेप

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. आगामी जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. १९३१नंतर सर्व जातींची अशी देशव्यापी गणना झालेली नाही. नोंद पाळतीसाठी होते की हक्कासाठी, यावरच तिचे मोल ठरेल.