कानाने वाचलेली पुस्तके

७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इंग्लंडातल्या सीफर्डचे डॉक्टर डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. मुलाचे नाव पर्सी. बुद्धीने तल्लख, खेळात कोणाला न हार जाणारा, नजर चांगली. ७४९ गुणिले ८६७ हे गणित त्याने झटकन आणि बिनचूक केले; स्वतःचे नाव लिहिताना मात्र अक्षरांची अदलाबदल होऊन 'प्रेसी' झाले, आणि एकदा सांगून ती चूक त्याच्या लक्षातही येईना. सातव्या वर्षापासून त्याला वाचायला शिकवण्याची खटपट चालू होती, पण साधे शब्दही त्याला लागत नव्हते. पुढे जिला डिस्लेक्सिया म्हणू लागले त्या अडचणीची ही फार जुनी नोंद. तिच्यात त्याच्या मास्तरांचा अभिप्रायही आहे: सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. उपाय मास्तरांना दिसला होता. तो हाती यायला अर्धे शतक आणि दोन महायुद्धे जावी लागली.

खरे तर तो उपाय नवा नव्हताच. आपण थोडे मागे गेलो तर ग्रंथ डोळ्यांनी, एकट्याने, मुकाट्याने वाचायचा ही रीतच अलीकडची दिसते. श्रीधरांचा 'हरिविजय' १७०२ साली पूर्ण झाला. अक्षरओळख नसलेल्या असंख्य माणसांनी तो ऐकूनच आपलासा केला. चातुर्मासात कोणाच्या ओसरीवर पोथी लागायची; एकजण ओवी म्हणायचा, अर्थ सांगायचा, अडलेल्या श्रोत्यासाठी थांबायचा. श्रोत्याला वाचता येते का, हे कोणी विचारत नसे. छापखाना आला, शाळा आली, क्रमिक पुस्तक प्रत्येकाच्या हाती आले. हा मोठाच लाभ. पण त्याबरोबर वाचता न येणारा तो साहित्याला मुकलेला, असाही एक समज रुजला. तो समज मला अन्यायाचा वाटतो.

छापील पुस्तकाच्या जगाने अडलेल्या वाचकासाठी आधी दुसरीच वाट काढली: ग्रंथ सोपा आणि लहान करण्याची. १८०७ साली लंडनमध्ये 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर' निघाले. त्यातल्या वीस कथांपैकी चौदा मेरी लॅम्बने लिहिल्या आणि सहा शोकांतिका तिचा भाऊ चार्ल्सने. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या चार्ल्सचे. मुलग्यांना वडिलांच्या ग्रंथसंग्रहात लवकर शिरकाव मिळतो, मुलींना मिळत नाही, म्हणून हे पुस्तक मुख्यतः मुलींसाठी, असे प्रस्तावनेत सांगितले आहे. पुढे भावांना विनंती आहे: बहिणींना अवघड जागा समजावून द्या, आणि आवडलेला एखादा उतारा मूळ नाटकाच्याच शब्दांत वाचून दाखवा. गोष्टीच्या रूपातला शेक्सपिअर पुरेसा नाही, हे त्या भावंडांना पक्के ठाऊक होते. गोष्ट हाती द्यावी आणि मूळ शब्द कानी घालावे, ही त्यांची योजना नंतरच्या संक्षेपकारांनी निम्मीच उचलली. गोष्टी निघत राहिल्या, वाचून दाखवणे मागे पडले.

कानाची वाट पुन्हा मोकळी झाली ती यंत्रामुळे. १८७८ साली एडिसनने आपल्या फोनोग्राफचे उपयोग सांगितले, तेव्हा अंधांना विनासायास ऐकता येतील अशी बोलती पुस्तके त्यांत अगदी वरच्या क्रमांकावर होती. पण त्याच्या नळकांड्यावर जेमतेम काही मिनिटांचा आवाज मावे. ग्रंथ कुठला मावणार? अमेरिकेने १९३१ साली अंध प्रौढांसाठी पुस्तकांचा कायदा केला आणि १९३४ मध्ये सावकाश फिरणाऱ्या तबकड्या आल्या, एका बाजूला सुमारे पंधरा मिनिटांच्या. बाजारात गाण्यांची एल.पी. १९४८ साली आली. म्हणजे अंध वाचक या बाबतीत चौदा वर्षे पुढे होता. सुरुवातीच्या संचात 'हॅम्लेट' होते, 'मर्चंट ऑफ व्हेनिस' होते, आणि तीही मूळ शब्दांत.

त्याच १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची पत्रे येऊ लागली. सरकारी खर्चाने कॉलेजात जायची सोय होती, पण पाठ्यपुस्तके वाचणार कशी? अ‍ॅन मॅक्डोनल्ड आणि त्यांच्या मैत्रिणी एका शाखेच्या पोटमाळ्यावर बसून पुस्तके वाचू लागल्या. सहा इंची तबकडीच्या एका बाजूला बारा मिनिटे. 'रेकॉर्डिंग फॉर द ब्लाइंड' ही संस्था त्यातून उभी राहिली. पुढे तिच्या दारी डोळस मुले येऊ लागली, ज्यांना दिसत होते पण वाचता येत नव्हते. १९९५ मध्ये संस्थेने आपल्या नावात डिस्लेक्सिया असणाऱ्यांचाही समावेश केला. सैनिकांसाठी केलेली सोय अशी पर्सीच्या वारसांना मिळाली.

१९९६ मध्ये बोलत्या पुस्तकांना डिजिटल रूप देण्यासाठी डेझी कन्सोर्शियम हा संस्थांचा संघ स्थापन झाला आणि आवाज व अक्षर एकत्र आले: वाक्य ऐकू येत असतानाच ते पडद्यावर उजळते, नजर त्याच्यामागून जाते. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती काढू देणाऱ्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारात डिस्लेक्सियासारख्या अडचणींनाही स्थान मिळाले, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. त्याच वर्षी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण ही सवलत परीक्षेच्या काही तासांपुरती आहे. ज्या कादंबरीतला उतारा धडा म्हणून लावला आहे ती सबंध कादंबरी, एक वाक्यही न गाळता, ऐकता येईल अशा रूपात शाळेच्या ग्रंथालयात असावी, ही मागणी पालकांनी जूनमध्येच, वर्ग सुरू होताना, करायला हवी.