पोकळ स्फटिकांची कहाणी

मी पेशाने मास्तर, म्हणून ही कहाणी मला विशेष जवळची वाटते. १९७४ साली मेलबर्नच्या विद्यापीठात रिचर्ड रॉब्सन विद्यार्थ्यांसाठी रेणूंचे लाकडी नमुने करवून घेत होते. गोळ्यांना भोके कुठे पाडायची हे ठरवताना त्यांच्या ध्यानी आले की, साऱ्या रचनेचा आराखडा त्या भोकांच्या जागेतच दडला आहे! विचार पंधरा वर्षे मुरला. १९८९ साली त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचे सेंद्रिय रेणू गुंफून पोकळ्यांनी भरलेला स्फटिक घडवला. पण तो नाजूक निघाला.

मजबूत चौकट उभारली ओमर याघी यांनी, १९९९ साली. तिच्या काही ग्रॅम चूर्णात फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग सामावतो. अम्मानमध्ये वीज-पाण्याविना वाढलेल्या या शास्त्रज्ञाने पुढे अशाच चूर्णांनी वाळवंटी हवेतून पाणी काढून दाखवले.

परंतु मूठभर चूर्णाने गावाची तहान कशी भागावी? बंद भांड्यात द्रावण तापवून स्फटिक जमायला कित्येक तास, कधी दिवस लागत. मग कामी आला आपल्या वैद्यबुवांच्या ओळखीचा खल! तांब्याचा क्षार व सेंद्रिय आम्ल एकत्र घोटले की काही मिनिटांत अशी चौकट तयार होते. हेच काम गोळ्यांच्या चक्कीत मोठ्या प्रमाणावर करता येते.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल रॉब्सन, याघी आणि क्योतोचे सुसुमु कितागावा यांना मिळाले. वाचकहो, विचार मुरायला पंधरा वर्षे लागली तरी चालते. पाणी मात्र वेळेवरच यावे लागते.