सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचे वाचनदोष

सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचे वाचनदोष या संज्ञेत संगणकाचा ड्राइव्ह काही तबकड्या सुरळीत वाचत असताना विशिष्ट तबकड्या मात्र ओळखत नाही, अर्धवट वाचतो किंवा बराच वेळ फिरवून 'तबकडी घाला' अशी सूचना देतो, अशा तक्रारींचा समावेश होतो. एकही तबकडी न वाचणारा ड्राइव्ह बहुधा बिघडलेला असतो. काही तबकड्याच नाकारणाऱ्या ड्राइव्हबाबत तसा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. नाकारल्या गेलेल्या तबकड्यांमध्ये समान काय आहे, हे पाहिल्यास दोषाचे मूळ बहुतेक वेळा सापडते.

पार्श्वभूमी

ध्वनीसाठीची सीडी फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८२ मध्ये बाजारात आणली. चित्रफितींसाठीच्या व्हिडिओ सीडीचे, म्हणजे व्हीसीडीचे, मानक १९९३ मध्ये ठरले आणि डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. महाराष्ट्रात व्हीसीडीचा प्रसार मोठा झाला. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्याने मराठी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांच्या संचात मिळत. लावणी, वगनाट्य, कीर्तन आणि भारूड यांच्या व्हीसीडी जत्रांतूनही विकल्या जात. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे प्रमुख केंद्र आहे. यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. अशा कलांचे कार्यक्रम, लग्नसमारंभ, शाळांची स्नेहसंमेलने यांची स्थानिक पातळीवर केलेली चित्रणे अनेकदा केवळ एका-दोन तबकड्यांवरच असतात. बाजारातील चित्रपटाची तबकडी वाचली गेली नाही तर दुसरी मिळू शकते. या चित्रणांबाबत तशी सोय नसते. म्हणून दोष तबकडीत आहे की ड्राइव्हमध्ये, हे ठरवल्याशिवाय जुनी तबकडी टाकून देऊ नये.

वाचनाची प्रक्रिया

तबकडीवरील माहिती आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. ड्राइव्हमधील लेसर किरण भिंगातून या रेषेवर केंद्रित होतो आणि परावर्तित प्रकाशातील बदलांवरून माहिती वाचली जाते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो. सीडीवरील लगतच्या रेषांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते, तर डीव्हीडीवर ते ०.७४ मायक्रोमीटर इतके कमी असते. त्यामुळे भिंगावरील जी धूळ सीडीच्या वाचनात आड येत नाही, तीच डीव्हीडीच्या वाचनात अडथळा ठरू शकते.

सर्व तबकड्या सारखा प्रकाश परावर्तित करत नाहीत. कारखान्यात छापलेली सीडी सुमारे ७० टक्के किंवा अधिक प्रकाश परत पाठवते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये हे प्रमाण १५ ते २५ टक्केच असते. दोन थरांची डीव्हीडीही एका थराच्या डीव्हीडीपेक्षा बरीच मंद असते. लेसर क्षीण झाला किंवा भिंग मळले की प्रथम याच मंद तबकड्या नाकारल्या जातात.

निदान

पहिली पायरी म्हणजे तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये आणि दुसरी, खात्रीची तबकडी त्याच ड्राइव्हमध्ये घालून पाहणे. या दोन चाचण्यांना काहीच खर्च येत नाही. तरीही त्या न करताच ड्राइव्ह बदलला जातो, असे पुष्कळदा घडते.

ड्राइव्ह सर्व सीडी वाचतो पण एकही डीव्हीडी वाचत नाही, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा दोष ड्राइव्हमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. दोन्ही प्रकार वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्यांच्यासाठी वेगवेगळे लेसर असतात आणि त्यांपैकी एकच निकामी होऊ शकतो. ड्राइव्हवर केवळ 'सीडी' हे चिन्ह असल्यास तो डीव्हीडी वाचूच शकत नाही. डीव्हीडी ड्राइव्हही ब्लू-रे वाचत नाही. छापील तबकड्या चालतात आणि घरी लिहिलेल्या चालत नाहीत, अशी तक्रार असल्यास प्रथम भिंगाचा मळ, मग तबकडीचा दर्जा आणि ती ज्या ड्राइव्हवर लिहिली गेली त्याचा दोष विचारात घ्यावा.

लिहिलेली तबकडी 'फायनलाइझ' केलेली नसणे हे आणखी एक कारण आहे. लेखनाच्या अखेरीस तबकडी बंद केली नाही, तर लिहिणारे यंत्र ती वाचते, इतर यंत्रांना मात्र ती कोरी भासते. मूळ यंत्र उपलब्ध असल्यास त्यावर ती बंद करून घेता येते. मूळ यंत्राचा शोध घेणे म्हणूनच उपयोगी पडते. फाइलींच्या मांडणीची पद्धतही आड येऊ शकते. उदाहरणार्थ, यूडीएफ २.५ या पद्धतीने लिहिलेली तबकडी विंडोज एक्सपीला स्वतःहून वाचता येत नाही. विंडोज व्हिस्टापासून ही सोय झाली.

लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या ड्राइव्हला काही वेळा पुरेसा वीजप्रवाह मिळत नाही. यूएसबी २.० च्या एका जोडणीतून ५०० मिलिॲम्पिअर प्रवाहाची हमी असते, तर तबकडी वेग घेताना गरज त्याहून वाढू शकते. दोन टोकांची केबल वापरल्यास हा दोष दूर होतो.

चित्रपटाच्या डीव्हीडींना प्रदेश-संकेत असतो. भारत पाचव्या प्रदेशात मोडतो. परदेशातील नातेवाइकांनी अमेरिकेतून पाठवलेली, पहिल्या प्रदेशाची डीव्हीडी ड्राइव्ह नाकारू शकतो. संगणकाच्या ड्राइव्हमधील प्रदेश साधारणतः पाच वेळाच बदलता येतो आणि नंतर तो कायम होतो, म्हणून केवळ प्रयोगादाखल तो बदलू नये. तबकडीवरील फाइली दिसतात पण चित्रपट सुरू होत नाही, ही वेगळी तक्रार आहे. विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची सोय मूळ प्रणालीत नसल्याने व्हीएलसीसारखा प्लेअर बसवावा लागतो.

ओरखडे, बुरशी आणि स्वच्छता

तबकडीवर नोंदींसोबत दुरुस्तीची माहितीही असते. तिच्या आधारे सीडीवरील रेषेच्या दिशेने सुमारे २.५ मिलिमीटरपर्यंत सलग नष्ट झालेली माहिती पुन्हा उभी करता येते. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक रेषेला थोडाच छेदतो, म्हणून तो कमी घातक असतो; रेषेच्या दिशेने गेलेला गोलाकार ओरखडा मात्र अधिक नुकसान करतो. वाचन आतून सुरू होते आणि तबकडीची अनुक्रमणिकाही तेथेच असते. त्यामुळे मध्यालगतचा ओरखडा संपूर्ण तबकडी निरुपयोगी करू शकतो.

चकचकीत बाजूचा उथळ ओरखडा घासून सौम्य करता येतो. सीडीची नाव लिहिण्याची बाजू अधिक नाजूक असते, ही बाब फारशी ठाऊक नसते. तेथे परावर्तक थरावर केवळ लाखेसारखे पातळ आवरण असते. ते खरवडले गेल्यास माहितीच निघून जाते आणि उपाय उरत नाही. तबकडी दिव्यासमोर धरल्यावर बारीक छिद्रांतून प्रकाश आला, तर हे नुकसान झाले आहे असे समजावे. डीव्हीडीमध्ये माहितीचा थर दोन पत्र्यांच्या मध्ये असल्याने तो तुलनेने सुरक्षित राहतो.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात येतो, तर पूर्वेकडील भाग कोरडा व धुळीचा आहे. पहिल्या भागात दमटपणा आणि दुसऱ्या भागात भिंगावर बसणारी धूळ हे मुख्य अडथळे ठरतात. तबकडीच्या आतील थरात बुरशी वाढल्याचे उदाहरण २००१ मध्ये मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण-दमट देशातून आणलेल्या सीडीवर नोंदवले गेले. पृष्ठभागावरचा मळ किंवा बुरशी साध्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये. थिनर आणि ॲसिटोन यांमुळे पॉलिकार्बोनेट खराब होते. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपाय उथळ ओरखड्यांवर क्वचित उपयोगी पडतो, परंतु एकमेव प्रतीवर तो करून पाहणे योग्य नाही. मध्याजवळ तडा गेलेली तबकडी संगणकात घालू नये, कारण अतिवेगाने फिरताना ती ड्राइव्हमध्येच फुटू शकते.

व्हीसीडीची विशेष अडचण

माहितीच्या सीडीवरील प्रत्येक खंडात २,०४८ बाइट मजकुरासोबत दुरुस्तीची अतिरिक्त माहिती असते. व्हीसीडीवर चित्रणाला अधिक जागा मिळावी म्हणून हा जादा थर वगळून खंडात २,३२४ बाइट भरले जातात. टीव्हीला जोडलेला प्लेअर खराब खंड ओलांडून पुढे जातो आणि पडद्यावर क्षणभर चौकटी दिसतात. संगणकावर तीच फाइल कॉपी करताना पहिल्याच खराब खंडाशी काम थांबते. अशा वेळी तबकडी मृत समजू नये. आयसोबस्टरसारखी साधने खराब खंड मागे ठेवून उर्वरित भाग प्रथम उतरवून घेतात. हेच काम वेगवेगळ्या ड्राइव्हवर आणि कमी वेगाने पुन्हा केल्यास राहिलेले काही खंड मिळतात, कारण एका ड्राइव्हने नाकारलेला भाग दुसरा वाचू शकतो.

तबकडी वाचली, मजकूर नाही

जुन्या मराठी तबकड्यांबाबत आणखी एक तक्रार आढळते. फाइल उघडते, पण देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. येथे ड्राइव्ह निर्दोष असतो. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर पुण्यातील मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींच्या स्वतंत्र फाँटमध्ये टंकलिखित होत असे. तो फाँट संगणकावर बसवल्यास मजकूर पुन्हा दिसतो. त्यानंतर परिवर्तकाच्या साहाय्याने तो युनिकोडमध्ये आणता येतो. मजकूर नेमक्या कोणत्या फाँटमध्ये आहे, हे वर्ड फाइलमध्ये फाँटच्या नावावरून कळते. साध्या मजकुराच्या फाइलीत ही नोंद नसते आणि तेथे एकेक फाँट लावून पाहावा लागतो.