उपशामक शुश्रूषा

* उपशामक शुश्रूषा : बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना, धाप आणि भीती हलकी करणारी सेवा. मुंबईत १९८६ साली अशा सेवेसाठी शांती आवेदना सदन उभे राहिले, पण चिचगडसारख्या (ता. देवरी, जि. गोंदिया) गावात अखेरचे दिवस बहुधा घरीच जातात. म्हणून तिथे ही सेवा इमारतीच्या नव्हे, तर परिचारिका आणि औषध यांच्या रूपाने उंबऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. घरची माणसे असताना वेगळी सेवा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. घरच्यांची माया अमोल खरीच, पण कर्करोगाची कळ मायेने थांबत नाही. त्यासाठी अनेकदा मॉर्फिन लागते. व्यसनाची भीती देखरेखीखाली मोजून दिलेल्या मात्रेला फारशी लागू पडत नाही; संसदेने २०१४ साली अमली पदार्थ कायदा दुरुस्त केला, तो अशा औषधांची वाट मोकळी व्हावी म्हणूनच. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राची, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची, प्रक्रिया सोपी केली. मात्र वेदनाशमन हाताशी नसेल, तर उपचार नाकारण्याचा हक्क म्हणजे केवळ असहायता ठरते.