रिंगणाचा वाफसा

दिवाळी आली की आमच्या गावी पोरांचे हात कोपरापर्यंत मातीने भरत. किल्ल्यासाठी माती कुठली आणावी यावर मोठे वाद होत. ओढ्याकाठची काळी माती छान मळली जाई, पण दोन उन्हे लागली की तिला भेगा पडत. टेकाडावरची तांबडी माती भेगाळत नसे, पण तिचा बुरूज उभा राहत नसे. शेवटी दोन्ही मिसळाव्यात, असा तह होई. मातीविषयी माझे शिक्षण झाले ते एवढेच. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. राजे, तह, लढाया आणि सनावळ्या. ज्या भूमीवर हे सारे घडले ती भूमी कोणी झाडली, कोणी शिंपली, हे मी मुलांना कधी सांगितले नाही, आणि मुलांनीही कधी विचारले नाही. हा प्रश्न मला पडला तो सत्तरी उलटल्यावर, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, मुलांच्या शर्यतीच्या एका मैदानावर.

माझा मुलगा तिकडे नोकरीला आहे. नातू अकरा वर्षांचा. या वयात आम्ही सायकलीचे टायर काठीने पिटाळीत होतो. तो कार्ट पळवतो. कार्ट म्हणजे मोटारीचे बाळरूप. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाके, मागे एक लहानसे इंजिन. छप्पर नाही, दार नाही. बसणाऱ्याची बैठक जमिनीपासून चार बोटांवर. शर्यतीचे रिंगण लंबवर्तुळाकार, एका फेऱ्याला हजारेक फूट भरेल एवढे, आणि सबंध मातीचे. डांबराचा ठिपका नाही.

शनिवारी सकाळी आम्ही तेथे पोचलो तेव्हा शर्यतीला आठ तास अवकाश होता. रिंगणात एकच माणूस होता. मैदानाचा मालक, माझ्याच वयाचा, पूर्वाश्रमीचा शेतकरी. तो वाकला, त्याने चिमूटभर माती उचलली, तळहातावर घेऊन दाबली, अंगठ्याने तिची पट्टी ओढली, आणि पट्टी मोडताच मान हलवली. मी जागच्या जागी उभा राहिलो. हीच कृती मी माझ्या वडिलांना शेकडो वेळा करताना पाहिली होती. ओलही नाही आणि सुकेही नाही, ढेकूळ हातात धरावे तर राहावे आणि दाबावे तर फुटावे, अशा मातीच्या अवस्थेला आपल्या शेतकऱ्याने एक नेमका शब्द दिला आहे: वाफसा. तो म्हातारा वाफसा पाहत होता.

आमच्याकडे सुगीच्या आधी वडील खळे करीत. जागा खणायची, खडे वेचायचे, पाणी मारायचे, बैल फिरवून माती तुडवायची, धुम्मस घेऊन चोपायची, मग शेणाने सारवायची. मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याभोवती बैलांनी दिवसभर फेरे घालायचे. खळ्याला भेग पडली की दाणा भेगेत जाई. माती सुटली की ती दाण्यात येई. म्हणून रोज संध्याकाळी वडील खळ्यावर पाण्याचा हात फिरवीत. वर्षाचे अन्न त्या टीचभर घट्ट थरावर अवलंबून असे. खळे हेही एक रिंगणच. फरक इतकाच की तेथे पहिला येणारा कोणी नसे.

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी मी म्हाताऱ्याच्या हाताखाली राबलो, आणि बाकीचे दिवस गावातल्या वाचनालयात काढले. मास्तराची खोड, हाताने काही केले की त्याचा इतिहास पाहिल्यावाचून चैन पडत नाही.

मातीच्या रिंगणाची कुळी फार जुनी निघाली. रोममधले सर्कस मॅक्सिमस हे सुमारे सहाशे मीटर लांबीचे. मधल्या लांबट ओट्याभोवती रथ सात फेरे घालीत. पायाखाली वाळू पसरलेली असे. वाळूला लॅटिन भाषेत ‘हरेना’ म्हणत. आखाडा या अर्थाचा इंग्रजी ‘अरीना’ शब्द त्यातूनच आला. कालिगुला या लहरी सम्राटाने काही खास शर्यतींसाठी रिंगणात तांबडी आणि हिरवी खनिजपूड पसरवली होती, असे स्वेतोनियसने लिहून ठेवले आहे. सम्राटाचे नाव राहिले. ती पूड टोपल्यांनी वाहून सारखी करणाऱ्यांची नावे कोण लिहिणार?

अमेरिकेत हे रिंगण आले ते शेतकऱ्यांच्या जत्रांतून. राज्याराज्यांत शेतमालाची मोठी प्रदर्शने भरत, आणि तेथे घोड्यांच्या शर्यतींसाठी मैल-अर्ध्या मैलाची मातीची रिंगणे असत. मोटारी आल्या त्या याच मातीवर. मिल्वॉकी येथील मैलाच्या रिंगणावर १९०३ साली मोटारींची पहिली शर्यत झाली. पण घोड्याच्या खुराला माती जरा मऊ लागते, तर चाकाला ती घट्ट हवी. सुटी माती चाकाखाली सरकते, उधळते, आणि मागून येणाऱ्याला काही म्हणता काही दिसत नाही.

यावर उपाय म्हणून १९०९ साली इंडियानापोलिसच्या नव्या अडीच मैलांच्या मार्गावर खडी आणि डांबर घातले. ऑगस्टमध्ये मोटारींच्या पहिल्या शर्यती झाल्या. पृष्ठभाग उखडला, खडी उडू लागली, खड्डे पडले. त्या तीन दिवसांत पाच माणसे गेली. दोघे तर नुसते पाहायला आलेले. मालकांनी हाय खाल्ली नाही. त्याच शरद ऋतूत त्रेसष्ट दिवसांत बत्तीस लाख विटा बसवून त्यांनी सारा मार्ग बांधून काढला. पुढे विटांवरही डांबर आले; आज आरंभरेषेवर विटांची एक गजभर पट्टी तेवढी स्मरणार्थ ठेवली आहे.

ज्यांनी माती सोडली नाही त्यांनाही तिने सोडले नाही. पेनसिल्व्हेनियातील लँगहॉर्न येथे १९२६ साली मैलभराचे, जवळजवळ वाटोळे रिंगण सुरू झाले. त्याला सरळ बाजूच नव्हती. स्टिअरिंग धरले की सबंध शर्यतभर वळणच. त्यात एके ठिकाणी माती नेहमी उखडे आणि चर पडत. गाडी तेथे असे हिसके खाई की त्या जागेला चालकांनी ओकारीवरून नाव ठेवले होते. १९५८ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकणारा जिमी ब्रायन १९६० साली लँगहॉर्नलाच गेला. १९६५ साली तेथे डांबर पडले, १९७१ साली रिंगण बंद झाले, आणि मग त्या जागी दुकाने उभी राहिली. मिल्वॉकीची माती १९५४ सालीच डांबराखाली गेली होती. १९७० नंतर तर अमेरिकेच्या मुख्य मोटार-अजिंक्यपदातून मातीवरच्या शर्यती बादच झाल्या. मोठ्यांनी माती सोडली. ती राखली गावोगावच्या लहान रिंगणांनी, आणि पोरांच्या कार्टनी.

कार्टची जन्मकथा मोठी गमतीची आहे. कॅलिफोर्नियात ग्लेंडेल येथे शर्यतीच्या मोटारी बांधणारा एक कारखाना होता. तेथे काम करणाऱ्या आर्ट इंगेल्सने १९५६ साली, गवत कापण्याच्या यंत्राचे अडीच अश्वशक्तीचे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवले, आणि हे खेळणे तो पॅसाडेना येथील रोझ बोल क्रीडागाराच्या वाहनतळावर पळवू लागला. ज्याने पाहिले त्याला ते हवेसे वाटले. १९५७ साली कार्ट विकणारी कंपनी निघाली; १९५९ साली लाकूड कापण्याच्या करवतीचे इंजिन सुधारून खास कार्टसाठी इंजिन आले; १९६२ साली या खेळाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. सहा वर्षांत एवढी मजल! ब्राझीलचा जगज्जेता आयर्टन सेना हाही लहानपणी वडिलांनी करून दिलेल्या कार्टवरच शिकला.

आता म्हाताऱ्याच्या कामाकडे वळतो. त्याच्या रिंगणाची माती चिकण. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो कुळवासारखे अवजार ट्रॅक्टरला लावून वरचा दोन-तीन बोटांचा थर मोकळा करी. वळणावर चाके माती बाहेरच्या कडेला फेकतात. ती पात्याने ओढून पुन्हा आतल्या बाजूला आणी. तसे केले नाही तर महिनाभरात आत खळगा आणि बाहेर बांध. मग पाणी. पाणी एकदम द्यायचे नाही. थोडे द्यायचे, मुरू द्यायचे, पुन्हा द्यायचे. एकदम दिले तर वर चिखल आणि खाली कोरडी भुकटी. मग रूळ. रूळ लवकर फिरवला तर माती त्याला चिकटून उचलली जाते. उशीर झाला तर ती दबतच नाही. मधली घटका साधावी लागते. ती साधली की जमीन काळसर, चकचकीत, लिंपल्यासारखी होते. कार्टचे पोट जमिनीपासून जेमतेम इंचभर उंच. मोटारीला जो खडा कळणारही नाही तो कार्टला उडवतो. म्हणून शेवटी आम्ही दोघे म्हातारे वाकून खडे वेचत फिरत असू.

पाऊस येणारसा दिसला की तो धावत जाऊन रूळ फिरवी. मला नवल वाटले. पण घट्ट दाबलेल्या मातीवरून पाणी उताराने निघून जाते, मोकळ्या मातीत ते शिरून बसते. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून माती फुगवते, आणि वसंतात सारे काम पुन्हा पहिल्यापासून. एकदा करून टाकले आणि निश्चिंत झालो, असे त्या रिंगणात काहीच नव्हते.

एके दिवशी मी शहाणपणा केला. “एवढे पाणी मारता, त्यापेक्षा इंजिनचे जळके तेल का शिंपत नाही?” म्हणून विचारले. आमच्याकडे कच्च्या रस्त्यावर तसे करताना मी पाहिले होते. म्हातारा गंभीर झाला. एवढेच म्हणाला, “मिसुरीतल्या घोड्यांचे वाचून या.”

मी वाचले. मिसुरी राज्यात १९७१ साली एका तबेल्याच्या रिंगणावर धूळ बसावी म्हणून कंत्राटदाराने टाकाऊ तेल फवारले. त्यात एका रासायनिक कारखान्याचा विषारी गाळ मिसळलेला होता. आधी चिमण्या मरून पडल्या, मग मांजरे, मग घोडे, एकामागून एक, डझनांनी. मालकाच्या लहान मुली आजारी पडल्या. ते विष डायॉक्सिन होते, हे कळायला १९७४ साल उजाडले. त्याच कंत्राटदाराने टाइम्स बीच नावाच्या दोन हजार वस्तीच्या गावचे कच्चे रस्तेही तसेच शिंपले होते. १९८३ साली सरकारने ते सबंध गावच विकत घ्यायचे ठरवले, आणि पुढे ते रिकामे झाले. आज तेथे उद्यान आहे. पाण्याचा टँकर दर शनिवारी फिरवण्याचा कंटाळा न करणाऱ्या त्या म्हाताऱ्याविषयी माझा आदर त्या दिवशी दुणावला.

पण खरी परीक्षा झाली ती ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी. दिवसभर कोरडा वारा सुटला होता. शेवटच्या शर्यतीत माझा नातू पहिला होता, पाचच फेरे उरले होते, आणि दूरच्या वळणावर धूळ उठू लागली. पहिल्याला धूळ लागत नाही. ती मागच्यांच्या डोळ्यांत जाते. मी आपला टाळ्या पिटत होतो. इतक्यात म्हाताऱ्याने शर्यत थांबवली. प्रेक्षक ओरडले, एका मुलाचा बाप तर अंगावर धावून आला. तो काही बोलला नाही. टँकर आणला, वळणावर दोन हलके हात दिले, मातीवर अंगठा टेकवून बघत बसला. चांगली वीस मिनिटे गेली. खरे सांगायचे तर मलाही त्याचा राग आला होता. पुन्हा शर्यत सुरू झाली, आणि नातू चौथा आला.

गाडीत तो रडला. “आजोबा, तुम्ही त्यांना सांगायचं होतं. ते तुमचं ऐकतात.”

मी म्हटले, “बाळ, तू दूरच्या वळणावरून गेलास की तुझ्या मागे काय होतं ते तुला दिसत होतं का?”

“नाही.”

“मला दिसत होतं. अकरा पोरं त्या धुळीत शिरत होती आणि एकही दिसत नव्हतं. आणि तरी मी टाळ्या वाजवत होतो.”

तो बराच वेळ गप्प बसला. मीही बसलो. चाळीस वर्षे मी मुलांना पहिल्या आलेल्यांचाच इतिहास शिकवला, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा नीट दिसले.

मी परत आलो. म्हाताऱ्याचा निरोप घेताना आम्हा दोघांनाही फारसे काही बोलता आले नाही. ‘वाफसा’ हा शब्द मात्र मी त्याला शिकवून आलो. त्याच्या तोंडी तो वेगळाच होई, पण अर्थ त्याला पुरता माहीत होता.

परवा नातवाचा फोन आला. घरामागे किल्ला करायला घेतला आहे, माती तिथलीच, चिकण. बुरूज उभा राहतो, पण उन्हाने तडे जातात, असे म्हणत होता. मी म्हटले, थोडी वाळू मिसळ, आणि पाणी एकदम ओतू नकोस, हाताने शिंप. तो म्हणाला, “ते मला माहीत आहे, आजोबा. मी पहिल्यांदा चिमूट दाबून बघितली.”